तळघरातील रेकॉर्डिंगची खोली : आधी हिशेब, मग खर्च

नात, किरअत, जुम्म्याचे बयान, दशावतारी गाणी, हॉटेल-दुकानांच्या जाहिराती यांचे रेकॉर्डिंग आता एक चांगला मायक्रोफोन व संगणक यांवर घरीही होऊ शकते. होतकरू तरुणासाठी हे हलाल रोजीचे साधन आहे. शहरातील स्टुडिओ पाहून घराखाली तळघर खोदण्याचा विचार मनात येणे साहजिक आहे. परंतु वडिलांची पुंजी जमिनीत घालण्यापूर्वी पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

1) पाणी : सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे 3000 मि.मी. पाऊस पडतो आणि जांभा दगड सच्छिद्र असतो. जुलै-ऑगस्टमध्ये शेजारच्या विहिरीतील पाणी किती वर येते ते पाहावे. ते जमिनीखाली पाच-सात फुटांवर असेल, तर तळघर म्हणजे टाकीच समजावी. ओलीने बुरशी येते, खाऱ्या हवेने यंत्रे गंजतात. डोंगरउतारावर एक बाजू उघडी व पाण्याला वाट असेल तरच तळघराचा विचार करावा. किनाऱ्यालगत सीआरझेडचे नियमही लागू होतात, म्हणून परवानगी आधी घ्यावी.

सखल भागात माजघरालगतची आतली खोली बरी. चारी बाजूंना इतर खोल्या असल्याने रस्त्याचा आवाज आपोआप कमी होतो.

2) आवाज अडविणे : हे काम वजनाचे आहे, कापडाचे नाही. चिऱ्याची जाड भिंत त्यासाठी उत्तम; मात्र छिद्रांतून आवाज जातो म्हणून दोन्ही बाजूंनी गिलावा हवा. दार भरीव लाकडाचे, चौकटीला रबराची पट्टी. बोटभर फट राहिली तरी साऱ्या भिंतीची मेहनत वाया जाते. कौलांवर पाऊस वाजतो, म्हणून वर भक्कम माळा हवा. शेजाऱ्याच्या झोपेचा हक्कही याच कामाने अदा होतो.

3) घुमणे कमी करणे : हे मात्र कापडाचे काम आहे. 1895 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक व्याख्यानगृह इतके घुमत असे की वक्त्याचे शब्द कळत नसत. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या तेथे आणून रात्री मोजमाप केले. जितक्या गाद्या जास्त, तितके घुमणे कमी. त्यातून निघालेला नियम आजही चालतो : खोलीचे घनमीटर गुणिले 0.16, भागिले आवाज शोषणारे चौरस मीटर. येणारे उत्तर म्हणजे घुमण्याचे सेकंद.

4) कापडाचा हिशेब : खोली 4 × 3 मीटर, उंची 3 मीटर, म्हणजे 36 घनमीटर. बोलणे-गाणे स्वच्छ यावे म्हणून 0.4 सेकंद धरू. त्यासाठी सुमारे 14 चौ.मी. शोषण हवे. जाड, चुणीदार पडदा साधारण निम्मे शोषतो असे धरल्यास 28 चौ.मी. भिंत झाकावी लागेल. चुणीसाठी दुप्पट कापड, म्हणजे 56 चौ.मी.; 1.2 मीटर पन्ह्याचे सुमारे 47 मीटर. जमिनीवर जाड सतरंजी असल्यास थोडे कमी चालेल. पातळ सिंथेटिकपेक्षा जाड सुती कापड घ्यावे व ते भिंतीपासून चार इंच पुढे टांगावे. तबल्याच्या डग्ग्यासारखा खर्जाचा आवाज पडद्याला जुमानत नाही. त्यासाठी कोपऱ्यांत कापसाच्या जाड गाद्या उभ्या कराव्यात. अंड्यांचे ट्रे लावू नयेत. उपयोग फारच थोडा आणि आगीची भीती मोठी.

5) सावधगिरी : बंद खोलीत हवा येण्या-जाण्याची सोय हवीच. जनरेटर खोलीत किंवा तळघरात कधीही चालवू नये. त्याचा धूर जीव घेतो. मे 2021 च्या तौक्ते वादळात जिल्ह्यात वीज गेली होती, हे ध्यानात ठेवून बॅटरीची सोय करावी. वायरिंग पडद्यांपासून दूर ठेवावे.

थोडक्यात, गवंडी व सुतार यांनी आवाज अडवावा, कापडवाल्याने घुमणे आवरावे. एकाचे काम दुसऱ्याच्या मालाने होते असे सांगून कोणी माल विकत असेल तर घेऊ नये, आणि आपणही तसे सांगून विकू नये. गरजेपुरता खर्च केला तर इसराफ टळेल, आणि उरलेल्या पैशात मायक्रोफोन चांगला घेता येईल. बरकत देणारा अल्लाह आहे. हिशेब करणे आपले काम.