डोक्याला मार बसलेल्यांच्या घरी जाताना

इंदूर-इच्छापूर रस्त्यावर डोक्याला मार बसूनही मी वाचलो, त्याला बरीच वर्षं झाली. आता आमच्या शनवारा मोहल्ल्यात कुणाला अपघातानंतर किंवा लकव्यानंतर घरी आणलं की घरचे मला बोलावतात. मी डॉक्टर नाही. त्यातून गेलेला माणूस, एवढंच.

१. शेजारचे लूम बंद असतील तेव्हा जावं. मेंदू दुखावला की नको तो आवाज बाजूला सारता येत नाही. पॉवरलूमची खटखट आणि माझं बोलणं दोन्ही सारख्याच जोराने आदळतं. थोड्या वेळाने रुग्ण चिडला, तर तो थकवा असतो. आपण उठावं.

२. "अगदी ठीक दिसतोस की!" असं म्हणू नये. टाके सुकले की सगळा मोहल्ला हेच म्हणतो आणि पुढे हिशेब चुकला की त्याला आळशी ठरवतो.

३. वाचा गेलेल्याकडे घाई चालत नाही. एका काकांना पाणी मागता येत नव्हतं, पण गणपतीची आरती मात्र चालीसकट म्हणायचे. घरच्यांना वाटलं, सोंग आहे. तसं नसतं. डाव्या मेंदूला इजा झाली तरी पाठ असलेलं, गायलेलं बरेचदा टिकून राहतं. मनातला शब्द ऐन वेळी काढणं अडतं. त्यात आपल्याकडे घरात मराठी, बाजारात हिंदी. सगळ्या भाषा एकदम परततात असं नाही. काकांची दुकानातली हिंदी आधी परतली, तर काकू रुसल्या! म्हटलं, "काकू, जी येतेय ती येऊ द्या." हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारावं आणि थांबावं. त्यांचं वाक्य आपण पुरं करू नये.

४. बायकोशी किंवा आईशी वेगळं बोलावं. कपाळामागच्या भागाला मार बसला की कुणी शिवीगाळ करतो, कुणी दिवसभर नुसता बसून राहतो. त्याच्यादेखत ती हे सांगणार नाही. मी माझ्या बायकोला बरोबर नेतो. खरं बोलणं स्वयंपाकघरातच होतं.

५. फिटच्या गोळ्यांवर बोलू नये, ते डॉक्टरांचं काम. माझी गोळी कोणती, हेसुद्धा सांगत नाही.

६. दिव्यांग प्रमाणपत्राला लागेल म्हणून स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, सगळं एका फायलीत ठेवायला लावावं. २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूची इजा असा वेगळा प्रकार नाही. मेंदूतल्या बिघाडाने वाचा कायमची गेली असेल तर वाचा-भाषेच्या प्रकारात अर्ज करता येतो. विसरणं आणि संताप कुठे बसवायचा, हे मेडिकल बोर्डासमोर समजावताना मात्र दमछाक होते.

७. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेलेच नव्यांना हात देतात. तिथे "मी सुटलो, तूही सुटशील" म्हणता येतं. मेंदूच्या इजेत तसं वचन देता येत नाही. मी फक्त खिशातली वही दाखवतो: गोळी घेतली, गॅस बंद केला, संध्याकाळी कुणाकडे जायचंय. हमखास कुणीतरी विचारतं, वही हरवली तर? दुसरी बायकोकडे असते.