पंडिता रमाबाई आणि पंधराचा वर्ग

आपल्या सोमाटणे फाट्यावर उभे राहिले असता एका बाजूस लोणावळ्याकडे व दुसऱ्या बाजूस पुण्याकडे जाणारा जुना रस्ता दिसतो, आणि रात्री वारा अनुकूल असला म्हणजे तळेगावच्या बाजूने आगगाडीची शिटी ऐकू येते. पुण्याहून लोणावळ्यास जावयाचे तर रस्त्याने जा की गाडीने, मावळाच्या ह्याच पट्ट्यातून गेल्यावाचून गत्यंतर नाही. १८९६ सालच्या उन्हाळ्यात एक विधवा बाई आपल्याबरोबर पंधरा मुली घेऊन पुण्याहून लोणावळ्यास गेली. तेथे त्या काळी ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनेचा मेळा भरत असे. एके दिवशी भल्या पहाटे ती बाई एकटीच रानात गेली आणि तिने देवाजवळ एक विलक्षण मागणे मागितले. बरोबरच्या पंधरा मुली ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या होत्या. पुढल्या मेळ्याच्या आत ह्या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस जणी मिळाव्यात, असे ते मागणे होते. ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

मुलींनो, अंकगणितातील वर्ग तुम्ही नित्य करता. परंतु तो प्रार्थनेत घालणारी बाई कशी असेल, ह्याचा विचार करून पाहा. तिला कोणी दिलेली पदवी नको होती, धन नको होते. तिला माणसे हवी होती, आणि तीही मोजून. हे मागणे तिच्या तोंडी येण्यास अडतीस वर्षे लागली होती. ती वर्षे कशी गेली, हे समजून घेतल्यावाचून त्या पहाटेचा अर्थ लागणार नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून त्यांस शास्त्री मंडळींचा रोष पत्करावा लागला होता. त्याच आईपाशी रमाबाई संस्कृत शिकल्या. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरले. दक्षिणेतील दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व थोरली बहीण अन्नावाचून खंगून वारली. उरलेली दोन भावंडे फिरत फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या.

येथवर पाहिले तर तिची ओळख दुसऱ्यांनी सांगितलेली होती. प्रथम ती अमक्या शास्त्र्यांची मुलगी, मग सभेने गौरविलेली पंडिता. १८८० साली भाऊ वारल्यावर बिपिनबिहारी ह्या परजातीतील बंगाली वकिलाशी विवाह केला तेव्हा त्यांची पत्नी. आणि १८८२ साली ते पटकीने गेले तेव्हा पदरी एक लहान मुलगी असलेली विधवा. प्रत्येक नाव खरे होते, परंतु त्यांपैकी एकही तिने स्वतः शोधलेले नव्हते. पतीच्या पुस्तकांत सिल्चर येथे बंगालीतील लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी प्रत तिला सापडली होती व ती तिने वाचलीही होती. पण वाचणे निराळे आणि मानणे निराळे.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. वैद्यकी शिकून आपल्या भगिनींची सेवा करावी ह्या हेतूने १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. परंतु त्यांना ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो बेत सोडून द्यावा लागला. जीविताचे कार्य म्हणून जे ठरविले होते तेच हातचे गेले. विद्यार्थिदशेत असा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना त्यातील दुःख सांगावे लागणार नाही.

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहात होत्या. ह्या भगिनींनी लंडनजवळ फुलम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालविले होते, ते पाहण्याचा योग आला. आमच्याकडे ज्या बाईची सावलीही कोणी अंगणात पडू देणार नाही, तिची येथे प्रेमाने विचारपूस होत होती. असे का, हे त्यांनी विचारले असता एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी बाईची ती कथा होय. तिला पाच नवरे झाले होते, ती परजातीची होती, आणि तिच्याशी बोलत बसलेल्या येशूला पाहून शिष्यांसही आश्चर्य वाटले. तरी देवाची उपासना खरी कोठे करावी, हा गहन प्रश्न त्याने मोठ्या शास्त्र्याशी नव्हे तर ह्या बाईशी चर्चिला. पाणवठ्याची शिवाशीव ज्या देशात सर्वांस ठाऊक, त्या देशातील पंडितेस ही गोष्ट किती भिडली असेल! २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे कोणी म्हणेल की नवऱ्याच्या व शास्त्र्यांच्या जागी आता पाद्री आले, एवढाच फरक. खुद्द रमाबाईंनी तसे होऊ दिले नाही, आणि म्हणूनच त्यांचे चरित्र तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते. त्या वेळी वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार पुढे छापला गेला आहे, तो वाचण्याजोगा आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या लोकांस ती परकीच, त्यापेक्षा संस्कृत बरी, असे त्यांचे म्हणणे पडले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकत असता पुरुष विद्यार्थ्यांस त्यांनी शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील दोन बिशपांनी ते अनुचित ठरविले. माझ्या आईने तरुण पुरुषांस शिकविले, मी शिकविले, त्यास माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, मग तुम्ही का घ्यावी, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ख्रिस्ताला मानले म्हणजे त्याच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाला मानले असे नव्हे, हा भेद त्यांनी वयाच्या सव्विसाव्या वर्षी ओळखला. आम्हा शिक्षकांनाही हा धडा थोडा झोंबणारा आहे, हे कबूल केले पाहिजे.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभास म्हणून त्या अमेरिकेस गेल्या, तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि बोस्टन येथील मंडळीने विधवांच्या शाळेस दहा वर्षे द्रव्य पुरविण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस 'शारदा सदन' उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात कोणत्याही धर्माचा उपदेश करावयाचा नाही, अशी अट होती.

आणि येथेच पेच आला. रमाबाईंनी पुढे स्वतःच सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, परंतु ख्रिस्त नव्हता. १८९१ च्या सुमारास ती उणीव भरून निघाली असे त्यांस वाटले, तेव्हा त्यांच्या प्रार्थनेस निराळाच जोर आला. त्या आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार लावीत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात मोठा गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

पालकहो, ह्या वादात एकाच पक्षास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला ते साधत नाही. ज्या घरी मुलगी अन्नवस्त्रास बांधलेली असते, त्या घरच्या माउलीचे उघडे दार हे केवळ दार राहात नाही. आपली लेक परक्याच्या हाती दिलेल्या आईबापांची धास्ती खोटी नव्हती. उलट, आपण जो देव मानतो त्याची प्रार्थना दार लावून चोरासारखी करावी, असे त्या बाईस कोणी सांगावे? सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी ह्या बालविधवेचा १८९३ सालीच धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई कर्वे हिंदूच राहिल्या आणि पतीच्या कार्यात आयुष्य घालविले. त्याच उंबऱ्यावरून दोन वाटा निघाल्या, एवढे तरी दिसते.

शिवाय स्त्रीने आपला देव स्वतः शोधावा ही गोष्ट आपल्या खोऱ्यास नवी नाही. येथून जवळच देहू आहे. सतराव्या शतकात बहिणाबाई ही ब्राह्मण स्त्री, नवऱ्याचा मार सोसून, कुणबी तुकोबांस गुरू मानून तेथे आली होती. रमाबाईंची वाट निराळी. परंतु घरच्यांचा विरोध, जातीचा अडसर आणि स्वतःच्या अंतःकरणाची साक्ष, ही तीन ठाणी दोघींच्याही वाटेवर होती.

आता लोणावळ्याच्या त्या पहाटेकडे वळू. १८९३ च्या वादळात मुली गेल्या होत्या, मोठी नावे दुरावली होती. हाती राहिल्या त्यांतल्या विश्वासी पंधरा. अशा वेळी मनुष्य आहे तेवढे टिकावे म्हणून मागतो. रमाबाईंनी वर्ग मागितला.

त्या वर्षाअखेर मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. १८९७ च्या आरंभी रमाबाई तिकडे गेल्या. तेथे त्यांनी पाहिले ते त्यांस नवे नव्हते. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच उपाशी रस्त्यावर होत्या. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ असल्याने इतक्या जणींस शहरात ठेवणे अशक्य झाले, म्हणून दौंडच्या लोहमार्गावर केडगाव येथे सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या सुमारे शंभर एकर माळावर त्यांस नेले. तेथेच 'मुक्ती सदन' उभे राहिले. आलेल्या साऱ्या जणी विश्वासी झाल्या असे मानू नये. भुकेल्या पोरीस अन्न देणाऱ्याचा देव आवडू लागणे सोपे असते, आणि त्या आवडीतून विश्वास किती व कृतज्ञता किती हे वेगळे करणे कोणास साधणार? पण ज्यांस कोणी मोजतच नव्हते त्या आता मोजल्या जात होत्या. १९०० च्या गुजराती दुष्काळानंतर ही संख्या सुमारे एकोणीसशेवर गेली.

केडगावचे विशेष हे की तेथे मुली पोसल्या जात नसत, त्या काम करीत. विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलघाणी, छापखाना, सारे स्त्रियांच्या हाती. अंध मुलींस रमाबाईंची कन्या मनोरमाबाई बोटांनी वाचावयास शिकवीत. ज्यांना पापात पडलेल्या म्हणून जग हाकलून देई त्यांच्यासाठी 'कृपा सदन' होते. फुलमच्या घराची आठवण येथे झाल्यावाचून राहात नाही.

उत्तर वयात रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बायकांस समजेल अशा साध्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर त्यांनी हाती घेतले. कलकत्त्याच्या पंडितांस थक्क करणारी संस्कृतप्रचुर भाषा त्यांनी बुद्ध्याच बाजूस ठेवली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. आईने मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली ते ग्रंथरूपाने बाहेर आले. त्याचे खिळे जुळविणारे हात केडगावच्या मुलींचे होते.