पंचेचाळीस हजारांत पुण्यात किती दिवस?

"मुलाला पुण्याला पाठवतोय. पंचेचाळीस हजार जमवलेत. चार महिने निघतील ना?"

परभणी, बीड, लातूर, जळगाव, कुठल्याही जिल्ह्यातल्या पालकांशी बोलायला बसलं की हा प्रश्न येतोच. आकडा कधी तीस असतो, कधी साठ. त्या आकड्यामागे सोयाबीनची पट्टी असते, भिशी असते, कधी आईच्या बांगड्या असतात. अशा पैशाबद्दल गोलमोल उत्तर देणं मला बरं वाटत नाही. म्हणून मी कागद पुढे ओढतो आणि हिशेब मांडायला सांगतो. तोच इथे मांडतो. भाव भागाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील, पण मांडणी हीच राहील.

समजा, कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत तीन-चार जण आणि महिना पाच हजार. आल्या दिवशी एक महिन्याचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं मिळून दहा हजार गेले. मेसचे दोन वेळचे ३,२०० आगाऊ. गादी, बादली, चादर, कुलूप यांना दोन हजार. मुलाखतीचे कपडे, झेरॉक्स आणि फोटो यांना दीड हजार. पहिल्या रात्री झोपायच्या आत १६,७०० रुपये खर्च झालेले असतात. त्यात महिनाभराचा चहा-नाश्ता आणि रविवारचं रात्रीचं जेवण (बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात) धरा दोन हजार, बस दीड हजार, मोबाइल, साबण, औषध हजार. पहिला महिना २१,२०० रुपयांना पडला. पुढचा प्रत्येक महिना १२,७०० चा. म्हणजे पंचेचाळीस हजार तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संपतात. चार महिने निघत नाहीत, साधारण ८५ दिवस निघतात.

खरी अडचण याच्या पुढे आहे आणि ती घरी कुणी धरलेली नसते. नोकरी लागणं आणि पगार हातात पडणं यांत मोठं अंतर असतं. होकार आल्यावर कागदपत्रं, बँक खातं, पडताळणी यांत आठ-दहा दिवस सहज जातात. मग महिनाभर काम आणि त्यानंतर पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार. महिन्याच्या शेवटी रुजू झालं तर ते चार-पाच दिवस अनेक ठिकाणी त्याच्याही पुढच्या पगारात जोडतात. हे सगळं मिळून ४५ दिवस धरावेच लागतात. ८५ मधून ४५ गेले. नोकरी शोधायला उरले ४० दिवस.

हा ४० चा आकडा ऐकल्यावर बहुतेक वडील गप्प होतात. मुलाच्या चेहऱ्यावर मात्र कधीकधी सुटल्यासारखं दिसतं, कारण आपल्याला नेमका किती वेळ आहे हे पहिल्यांदाच कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं. माझं सगळं सांगणं या आकड्याभोवतीच आहे. पुण्यात घ्यायचा प्रत्येक निर्णय, खोली कुठे, क्लास कुठला, मिळेल ते काम धरायचं की थांबायचं, याला एकच प्रश्न लावायचा: यानं माझे दिवस वाढतात की घटतात?

पहिले दिवस वाचतात ते घरी बसून. रिझ्युमे तयार करणं, नोकरीच्या संकेतस्थळांवर नाव घालणं, कंपन्यांच्या पानांवर अर्ज टाकणं, फोनवरच्या पहिल्या फेऱ्या देणं, यासाठी पुण्यातली कॉट लागत नाही. गावातल्या नेटवरून ते होतं. आपल्याच कॉलेजचे दोन-तीन वर्षं पुढचे जे विद्यार्थी पुण्यात कामाला आहेत, त्यांना फोन करा, त्यांच्या कंपनीत ओळखीनं भरती होते का ते विचारा. लाजू नका. पुण्यातल्या कितीतरी नोकऱ्या जाहिरात येण्याआधी अशाच भरतात. हातात दोन-तीन मुलाखतींच्या तारखा आल्यावर एस.टी. धरा. आत्या-मावशीकडे चार दिवस राहून मुलाखती देऊन परत या. मात्र चारच दिवस. पुण्यातली नातेवाइकांची घरं लहान असतात आणि दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं.

आता खोलीचं. मित्र सदाशिव पेठेत किंवा कर्वेनगरला राहतो म्हणून आपणही तिथेच, ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे. पेठांमध्ये आणि शास्त्री रोडच्या आसपास स्पर्धा परीक्षांची मुलं राहतात, कारण त्यांच्या अभ्यासिका तिथे आहेत. तुमचं काम तिथे आहे का? आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्याचं काम भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगावला. सॉफ्टवेअरवाल्याचं हिंजवडी नाहीतर खराडी, आणि ही दोन शहराची विरुद्ध टोकं. बी.कॉम. होऊन टॅली आणि जीएसटी येत असेल, तरच मध्यवस्तीतल्या सीए कार्यालयांच्या आणि मार्केट यार्डातल्या आडत्यांच्या जवळ राहण्यात अर्थ आहे. कात्रजला राहून चाकणला जाणाऱ्याचे रोज चार तास रस्त्यावर जातात. तो दोन महिन्यांत थकतो आणि नोकरीच वाईट होती असं समजून ती सोडतो. काम कुठे मिळेल हे अजून ठरलं नसेल, तर दापोडी, कासारवाडी या पट्ट्याचा विचार करा. तिथे लोणावळ्याची लोकल थांबते आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मेट्रोही जाते, त्यामुळे दोन्ही दिशा मोकळ्या राहतात.

डिपॉझिट दिलं की पावती घ्या, निदान ऑनलाइन पाठवून नोंद ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. कॉट बेसिसवर हे क्वचितच पाळलं जातं, तरी विचारा. विचारणाऱ्याचं डिपॉझिट सहसा बुडवत नाहीत. मेस लावताना खाड्याचा नियम आधी विचारा. किती दिवस आधी सांगितलं तर खाडा धरतात, सलग किती दिवसांचा धरतात, हे माहीत असेल तर महिन्याला तीन-चारशे वाचतात. मुलाखतीसाठी दिवसभर बाहेर असाल तेव्हा हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' लक्षात ठेवा. १९७४ पासून हमाल-कष्टकऱ्यांसाठी चालवलेलं हे केंद्र आहे. पोटभर, स्वच्छ आणि परवडणारं जेवण मिळतं आणि तिथे बसून जेवायला कुणालाही कमीपणा वाटू नये.

गरीब घरातली मुलं पुण्यात येऊन उभी राहिली, ती नुसत्या हिमतीवर नाही. या गावानं त्यासाठी सोयी उभ्या केल्या. एके काळी विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह ते हेच. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना तिथे अल्प खर्चात राहायला-जेवायला मिळतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. हे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच खात्यात पडतील असं मात्र धरू नका.

या सगळ्या सोयींत एक गोष्ट समान आहे आणि तीच पालकांच्या नजरेतून सुटते. हे सगळं विद्यार्थ्यासाठी आहे. पदवीचा शेवटचा निकाल लागला की वसतिगृह सुटतं, भत्ता थांबतो, विद्यार्थी पास बंद होतो. अनेक घरं उलटं करतात. पदवी गावाकडे स्वस्तात उरकतात आणि मग जमवलेले पैसे देऊन मुलाला पुण्याला पाठवतात, म्हणजे शहर सर्वांत महाग असतं नेमकं तेव्हा. माझं स्पष्ट मत असं आहे: मुलाला किंवा मुलीला पुढे पुण्यातच काम करायचं असेल, तर शिक्षणाची शेवटची दोन वर्षं तरी पुण्यात काढावीत. त्या दोन वर्षांत शहराचे रस्ते कळतात, ओळखी होतात, सुट्टीत कामाचा अनुभव मिळतो. मग शोधाचे दिवस ४० नसतात, सातशे असतात.

ज्यांचं शिक्षण संपलं आहे, त्यांनी शिकाऊ उमेदवारीकडे कमी लेखून पाहू नये. १९६१ च्या कायद्याप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आयटीआय, डिप्लोमा, पदवी, सगळ्यांसाठी जागा असतात, सरकारी पोर्टलवर नोंदणीला पैसे लागत नाहीत आणि विद्यावेतन मिळतं. पैसे थोडे असतात, पण खोली-मेसचा बराच भार निघतो आणि अनुभव खरा असतो.

पैसे संपत आले की मुलं मिळेल ते काम धरतात. धरावं, त्यात काही वाईट नाही. फक्त त्या कामाची वेळ बघा. मुलाखतीचे फोन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा येतात. बारा तासांची रात्रपाळी धरली तर दिवस झोपेत जातो आणि वर्षभरानं मुलगा तिथेच असतो. त्यापेक्षा दोन हजार कमी देणारं संध्याकाळचं काम बरं: शिकवणी, दुकानातली बिलिंगची पाळी, अभ्यासिकेची देखरेख. डिलिव्हरीच्या कामात स्वतःची गाडी, पेट्रोल आणि पावसाळा धरून हिशेब करा. हातात दिसतात तेवढे पैसे उरत नाहीत.

आता ज्यात सर्वांत जास्त पैसे बुडतात, ते. एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचं छोटं ऑफिस, भिंतीवर मोठ्या कंपन्यांची चिन्हं, "तुमची निवड झाली, फक्त रजिस्ट्रेशनचे भरा." मग गणवेशाचे, मग ट्रेनिंगचे. प्रामाणिक कंपनी कामावर घेताना उमेदवाराकडून पैसे घेत नाही. या नियमाला अपवाद नाही. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. काही क्लास तर फी घेऊन अनुभवाचं खोटं प्रमाणपत्र देतात. पडताळणीत पीएफच्या नोंदी बघतात, खोटं उघडं पडतं आणि लागलेली नोकरी जाते. मुलानं सांगितलं की "सगळेच करतात", तरी पालकांनी त्यासाठी पैसे देऊ नयेत.

नोकरी मिळाली की नियुक्तिपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ते देणं बंधनकारक आहे. वर्षाचा मोठा आकडा ऐकून हुरळू नका, महिन्याला हातात किती पडणार ते विचारा. कंत्राटदारामार्फत लागलात तर पगारपत्रकावर पीएफ आणि ईएसआयची कपात दिसते का आणि ती खरंच खात्यात जमा होते का, हे पहिल्याच महिन्यात मोबाइलवर तपासा.

मुलींच्या पालकांना वेगळी धास्ती असते, ती मी समजू शकतो. पण त्या धास्तीपोटी मुलीला ४० ऐवजी १५ दिवस देऊ नका. नोकरदार महिलांच्या वसतिगृहात आधी चौकशी करा, जागा बघायला आईनं सोबत जावं, ऑफिसची गाडी कुठपर्यंत सोडते ते विचारा. आणि मग तिलाही मुलाइतकेच दिवस द्या.

पालकहो, रोज रात्री फोनवर "लागलं का?" विचारू नका. तीस दिवस रोज "नाही" म्हणणारं पोर एकतिसाव्या दिवशी खोटं बोलायला लागतं, किंवा फोन उचलत नाही. "आज कुठे जाऊन आलास, काय विचारलं" हे विचारा. जेवलास का, हेही विचारा, कारण पैसे कमी पडले की मुलं आधी जेवण कमी करतात आणि घरी सांगत नाहीत.

आणि निघण्याआधीच ठरवा: दिवस संपले तर परत यायचं. महिनाभर घरी राहायचं, थोडे पैसे जमवायचे, पुन्हा जायचं. तसा आलेला मुलगा "पुण्याहून परत आला" असं कुणी पारावर म्हणालं, तर त्याला उत्तर वडिलांनी द्यावं, मुलाला द्यायला लावू नये. परतीच्या तिकिटाचे पैसे त्या पंचेचाळीस हजारांत धरू नका. ते वेगळ्या पाकिटात घालून बॅगेच्या तळाशी ठेवा आणि तिथे ठेवलेत हे त्याला सांगून ठेवा.