आजोबांचे घोरणे

मे महिन्याच्या सुट्टीत मी तंजावरला घरी होतो. उकाडा इतका होता, की आजोबा आणि मी गच्चीवर चटया टाकून झोपत असू. आजी मात्र खालीच झोपायची. आजोबांचे घोरणे हा आमच्या घरात थट्टेचा विषय. तमिळ शेजारी ‘कुरट्टै’ म्हणून हसत, आम्ही मराठीत हसत होतो. जो घोरतो त्याला गाढ झोप लागते, असेच सगळ्यांना वाटे.

डॉर्मिटरीत राहून मला घोरण्याची सवय झाली आहे. त्या रात्री मला जाग आली ती घोरणे बंद पडल्यामुळे. आजोबांची छाती हलत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. मी घाबरून मनात आकडे मोजू लागलो. बावीसला आजोबांनी मोठा गचका देऊन श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागले. सकाळी विचारले, तर त्यांना काहीच आठवत नव्हते.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांमध्ये ते इतके सैलावतात, की हवेची वाटच बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास अडला, तर तो एक अडथळा धरतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि माणूस क्षणभर जागा होऊन श्वास घेतो. तासाला ५ पेक्षा कमी अडथळे असले तर ठीक, ३० किंवा जास्त म्हणजे तीव्र विकार. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी ७.५ टक्के लोकांना हा विकार आढळला होता. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ साली मुंबईत वारले, तेव्हा हे नाव बातम्यांत आले होते.

आता आजोबांच्या दुसऱ्या दोन तक्रारी सांगतो. त्यांची कंबर सात वर्षे दुखते आहे. आणि त्यांना सतत काळजी वाटते. रात्री कुलूप तीनदा ओढून बघतात, माझा फोन उशिरा आला की त्यांचे हात थरथरतात. घरातले म्हणत, वय झाले. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

संबंध असा आहे. श्वास अडला की शरीर हल्ला झाल्यासारखे वागते: हृदय धडधडते, रक्तदाब चढतो. हे रात्रभर चालले तर शरीर सकाळी थकलेले आणि तरीही सावध असते. मेंदूत भीतीची जाणीव करून देणारा अमिग्डाला नावाचा भाग आहे. झोप अपुरी असली की तो जास्त भडकतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. वेदनेचेही तसेच. मेंदू खालून येणारे दुखण्याचे निरोप काही प्रमाणात अडवत असतो. झोपमोड झालेल्या मेंदूला हे काम नीट जमत नाही, म्हणून तेवढीच दुखापत जास्त दुखते. उलट दिशेनेही हे चक्र फिरते, कारण दुखणे आणि काळजी दोन्ही झोप मोडतात. अर्थात कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅप्निया असतो असे नाही.

आमच्या गावचे राजे सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालवली. त्यांच्या काळातल्या डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी, चित्रांसकट, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. त्याची आठवण होऊन मीही एक वही केली. पाच रात्री मी तासभर जागून किती वेळा श्वास थांबला आणि किती आकड्यांपर्यंत, ते लिहिले. (दिवसा झोप काढली, हे खरे.)

डॉक्टरांनी ती वही दोनदा वाचली. मग विचारले, “झोपेची गोळी घेता का?” आजोबा घेत होते, औषधाच्या दुकानातून स्वतःच आणून. झोपेच्या काही गोळ्या आणि अफूच्या जातीची वेदनाशामके श्वास आणखी मंदावतात, त्यामुळे अशा रोग्याला ती धोक्याची ठरू शकतात. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण दुखते म्हणून एक गोळी आणि झोप नाही म्हणून दुसरी, असे पुष्कळ घरांत चालते.

रात्रभराच्या तपासणीत तासाला ३४ अडथळे निघाले. उपाय म्हणून सीपॅप यंत्र मिळाले. नाकावरच्या मास्कमधून ते हलक्या दाबाने हवा सोडते, त्यामुळे घसा मिटत नाही. हे यंत्र १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी पुढे आणले, आणि त्याच्या पहिल्या नमुन्यात व्हॅक्युम क्लीनरची मोटर होती! वजन कमी करणे आणि कुशीवर झोपणे यांचाही बऱ्याच जणांना उपयोग होतो.

कॅडेट मित्रांनो, हा फक्त म्हाताऱ्यांचा विकार नाही. वाढलेल्या टॉन्सिलमुळे आपल्या वयातही होतो. आपल्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. गेल्या सत्रात लाइट्स आउटनंतर पांघरुणात टॉर्च लावून मी अभ्यास करत असे. तेव्हा पीटीत गुडघा दुखायचा आणि पेपरला पोटात गोळा यायचा. दोष मी बुटांना देत होतो. शेजारच्या कॉटवरचा मुलगा झोपेत श्वास अडून गचके देत असेल, तर त्याचा व्हिडिओ काढून हसू नका, एमआय रूममध्ये सांगा.

आजोबांची कंबर अजून दुखते, पण पूर्वीइतकी नाही. कुलूप आता एकदाच ओढतात. यंत्रावर सकाळी रात्रीचा आकडा दिसतो, तो ते रविवारच्या फोनवर मला आधी सांगतात. गेल्या रविवारी ४ होता. त्या आठवड्यात दोन रात्री मास्क न लावताच झोपले, हे मात्र आजीने फोन हिसकावून सांगितले.