पेरणीपासून खळ्यापर्यंत

अभ्यासाचा उतारा: मार्क 4:26–29. ताडून पाहावें: गलती 2:11–14, 2 पेत्र 3:18.



एका उपदेशकानें मला विचारलें, “पाळकसाहेब, आमच्या मंडळींतील एका भावाचा बाप्तिस्मा होऊन दोन वर्षें झालीं, पण बाजाराच्या दिवशीं तो अजून पिऊन घरीं येतो. त्याचें नवें जीवन खरें मानावें कीं नाहीं?” हा प्रश्न पुष्कळ गांवीं विचारला जातो, आणि कित्येक भाऊ व बहिणी तो रात्रीं एकांतांत स्वतःविषयींच विचारतात. प्रभूनें ह्याचें उत्तर शेतकऱ्याच्या दाखल्यानें दिलें आहे.

1. वाढ देव देतो, आणि ती क्रमानें देतो.

दाखल्यांतील मनुष्य बीं टाकतो, निजतो, उठतो. बीं वाढतें कसें हें त्याला सांगतां येत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतल्या आपणां लोकांना हें सहज समजावें. आपली रब्बीची ज्वारी पाऊस सरत आला म्हणजे पेरतात. पुढें आभाळ कोरडें असतें. तरी काळ्या जमिनीनें पोटांत धरून ठेवलेल्या ओलीवर पीक उभें राहतें. मग पोटरी, मग कणीस, मग हुरडा, आणि शेवटीं खळें. पोटरींतल्या ज्वारींत दाणा नाहीं म्हणून कोणी ती उपटून टाकीत नाहीं.

तसेंच बाप्तिस्म्याच्या दिवसाचा उत्साह ओसरला म्हणजे देवाची कृपा आटली असें समजूं नये. जें वचन त्या दिवसांत अंतःकरणांत मुरलें, तेंच कोरड्या दिवसांत आत्म्याला पोशितें.

2. वाढीला वेळ लागतो, ह्याची साक्ष.

नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा 1895 च्या फेब्रुवारींत मुंबईस झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस तो घाव असह्य झाला. त्या पतीपासून दूर, आप्तांकडे राहिल्या. त्यांतील कांहीं काळ आपल्याच जिल्ह्यांतील पंढरपुरांत गेला. पुढें त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळें सुटलें नव्हतें; त्यांचें अन्न व पाणी वेगळें असे. मग हळूहळू, माणसामाणसांतला हा भेद देवानें केलेला नाहीं, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनीं आधीं तो भेद सोडला आणि मग 1900 सालीं बाप्तिस्मा घेतला. मध्यें सुमारें पांच वर्षें गेलीं. पुढें टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ ह्याच बाईंनीं पुरें केलें, आणि ‘स्मृतिचित्रें’ ह्या पुस्तकांत आपली ही सर्व वाटचाल, आपल्या फजितीसुद्धां, मोकळेपणानें लिहिली.

टिळकांचीही वाढ बाप्तिस्म्यानें संपली नाहीं. बावीस वर्षांनंतर, 1917 सालीं, त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारिला.

3. वाढ कोठें पाहावी?

अंत्युखियांत पेत्र विदेशी बंधूंच्या पंक्तीला बसत असे. परंतु यरुशलेमेकडून कांहीं माणसें येतांच तो भ्याला आणि पंक्तींतून उठला. पौलानें त्याला सर्वांदेखत दोष दिला. पाहा, पेत्र मोठा प्रेषित. तरी त्याच्या शेतांत जुनें तण पुन्हां उगवलें.

हें तण आपल्या मंडळ्यांतही आहे. एकाच प्याल्यांतून प्रभुभोजन घेणारे दोन वस्त्यांचे विश्वासी लग्नाच्या दिवशीं वेगळ्या पंक्ती मांडतात. मी स्वतः सेमिनरींतून नवा बाहेर पडलों, तेव्हां एका खेड्यांत यजमानांनीं मला हळूच सांगितलें, “त्या घरीं जेवूं नका, आमचीं माणसें रागावतील.” मी गेलों नाहीं. पुढच्या रविवारीं त्या घरची म्हातारी उपासनेनंतर मला म्हणाली, “भाकरी झांकून ठेवली होती, बाबा.” मला उत्तर सुचलें नाहीं. त्या दिवशीं मला कळलें कीं, माझ्या वाढीचें माप माझ्या उपदेशांत नसून त्या न खाल्लेल्या भाकरींत होतें.

4. मग आपण काय करावें?

वाढ देवाची असली, तरी कोळपणी आपली आहे. कोळप्यानें तण मरतें, जमिनीच्या भेगा बुजतात आणि आंतली ओल टिकते. पापाची कबुली, रोजची प्रार्थना, वचनाचें वाचन व बंधूंची सोबत ही आपली कोळपणी होय. म्हणून त्या उपदेशकास मीं सांगितलें, “त्याचें पिणें पाप नव्हे असें म्हणूं नका, पण त्याचें नांवही काढूं नका. पुढच्या बाजारीं आपण त्याच्याबरोबर जा, आणि त्याच्याबरोबरच परत या.” तो गेला. ज्वारी अजून पोटरींत आहे. पण ती उभी आहे.

विचारासाठीं प्रश्न:
(1) गेल्या वर्षीं नव्हतें असें कोणतें फळ यंदा माझ्या घरच्या माणसांस माझ्यांत दिसतें?
(2) मी कोणाच्या घरीं अजून जेवलों नाहीं? कां?
(3) आपल्या मंडळींतील कोणत्या दुर्बळ भावाबरोबर मी ह्या आठवड्यांत चालत जाईन?

प्रार्थना: हे पित्या, तूं पेरलेलें तूंच वाढीव. आमच्यांतलें तण आम्हांस दाखीव, तें काढण्यास बळ दे, आणि कापणीच्या दिवशीं आम्हां सर्वांस एकाच पंक्तीला बसीव. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.