एमजीबीला पॉवर स्टिअरिंग? लाव गं, पण आधी हे ऐक

पॉवर स्टिअरिंग लावलं की जुनी गाडी ‘अस्सल’ राहत नाही, असं कुणीतरी तुला सांगितलं आणि तू ते मनाला लावून घेतलंस. ताईचं ऐक. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या, त्या रस्त्यावर धावायला. खांदा दुखतो म्हणून तुझी गाडी महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली उभी राहणार असेल, तर तो अस्सलपणा काय कामाचा? तेव्हा खुशाल लाव. त्यात कमीपणा काही नाही.

पण पैसे मोजण्याआधी स्टिअरिंग जड का झालंय ते शोध. एमजीबीचं वजन टनाच्या आसपास, स्टिअरिंग रॅक-पिनिअनचं. गाडी हलती असेल तर ते फार जड लागता कामा नये. पार्किंगमध्ये मात्र ते मुळातच थोडं जड आहे. पुढचं चाक ज्या किंगपिनवर वळतं तो किंचित मागे कललेला असतो. या कलाला कॅस्टर म्हणतात आणि एमजीबीत तो सुमारे ७ अंश आहे. म्हणून तर ती वेगात सरळ धावते आणि वळण संपलं की स्टिअरिंग आपणहून मध्यावर येतं. त्या सुखाची किंमत पार्किंगमध्ये मोजावी लागते.

याहून जास्त जड लागत असेल, तर दोष बहुधा देखभालीचा. पुढची चाकं जमिनीवरून उचल आणि हाताने वळवून बघ. अडखळत वळली तर किंगपिन कोरडे पडलेत. प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल असतात; चाकांवरचा भार काढूनच ग्रीस भर, म्हणजे ते आतवर पोचतं. मग टायरची हवा बघ. आणि रुंद टायर? मूळच्या अरुंद टायरऐवजी आधीच्या मालकाने हौसेने रुंद घातले असतील, तर निम्मं दुखणं तिथेच आहे. तसंच ते छोटं लेदरचं स्टिअरिंग व्हील. दिसतं झकास, पण व्हील जितकं लहान तितका हाताला जोर जास्त. आणि एक सवय सोड: उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळू नकोस, गाडी जराशी सरकू दे.

एवढं करूनही खांदा कुरकुरला, तर इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच घे. हायड्रॉलिकला पंप हवा, पट्टा हवा, तेलाच्या नळ्या हव्यात, वेगळा रॅक हवा. इलेक्ट्रिकमध्ये डॅशबोर्डखालच्या कॉलमवर मोटर बसते. तू स्टिअरिंग किती जोराने वळवतेस ते सेन्सर ओळखतो आणि मोटर त्या प्रमाणात हात देते. मूळचा रॅक जागच्या जागी राहतो. पण मोटरचा जोर त्याच रॅकवर आणि सांध्यांवर येणार, म्हणून झिजलेलं सगळं आधी बदलून घे.

आता विजेचं बघ, कारण तुझी गाडी १९६५ची आहे. तिच्यात डायनॅमो आहे आणि बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली आहे. आल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ १९६७च्या अखेरीस एमजीबीच्या मार्क टू या सुधारित आवृत्तीबरोबर आले. तुझा डायनॅमो फार तर २२ अँपिअर देणार; पार्किंगमध्ये मोटर त्याहून जास्त ओढू शकते. म्हणून आधी निगेटिव्ह अर्थ आणि आल्टरनेटर करून घे. टॅकोमीटरलाही त्यासाठी आतून बदल करावा लागेल, हे इलेक्ट्रिशियनला आठवणीने सांग. मोटरला जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज हवा, जुन्या वायरिंगमधून जोड काढून चालणार नाही.

पॉवर स्टिअरिंगच्या बऱ्याच किटमध्ये मोटरची मदत कमी-जास्त करायचं बटण असतं. ते कमीवरच ठेव. मदत जास्त झाली की रस्ता हाताला कळेनासा होतो, आणि ही गाडी आपण त्या स्पर्शासाठीच तर चालवतो. कॅस्टर कमी करणारी पाचर घाल असंही कुणी सुचवेल. तो स्वस्त उपाय आहे, पण मोटर लावणार असशील तर तो नको. मोटरमुळे स्टिअरिंग मध्यावर परतायला जरा आळसतं, आणि तेव्हा तो ७ अंशांचा कलच कामी येतो.

मोटर बंद पडली तरी स्टिअरिंग चाकांना जोडलेलंच राहतं, फक्त जड होतं. तरीही रिकाम्या मैदानात मोटर बंद करून एकदा चालवून बघ, म्हणजे ऐनवेळी हात गोंधळणार नाहीत.

इन्शुरन्स कंपनीला बदल कळवायचाच, त्यात हयगय नको. काहीही कापू देऊ नकोस, आणि मोटरसाठी काढलेला मूळचा कॉलम ग्रीस लावून, गुंडाळून जपून ठेव. उद्या ती गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला ती पुन्हा होती तशी करता आली पाहिजे. एवढं सांभाळलंस तर अस्सलपणाचं कुणी काही बोललं तरी मनावर घेऊ नकोस. या शनिवारी ग्रीस गन काढ, किंगपिनपासून सुरुवात कर आणि स्टिअरिंग किती हलकं झालं ते मला कळव. किटचं त्यानंतरच ठरवू.