टाकलेली वस्तू आणि दुसरे शील



पंचशीलातील दुसरे शील आपण विहारात दर रविवारी म्हणतो. त्याचा अर्थ 'मी चोरी करणार नाही' असा मुलांना सांगतो आणि पुढच्या शीलाकडे वळतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला पूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. अर्थ सोपा वाटतो. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गात असा एक प्रसंग घडला की हे शील मला पुन्हा शिकावे लागले.

मी सातवीला शिकवतो. एके दिवशी एक मुलगा नवे दप्तर घेऊन आला. नवे म्हणजे त्याच्यासाठी नवे. त्याची आई पहाटे सोसायट्यांच्या बाहेरचा कचरा वेचते, तिथे तिला ते सापडले होते. बंद तुटलेला होता, तो तिने जाड दोऱ्याने शिवला होता. मधल्या सुट्टीत दुसऱ्या एका मुलाने ते दप्तर ओळखले. "हे माझं आहे, यानं चोरलं!" असे तो ओरडला आणि पाहता पाहता अर्धा वर्ग 'चोर, चोर' करू लागला. त्या मुलाने आपली पुस्तके बाकावर काढून ठेवली, रिकामे दप्तर माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि विचारले, "सर, माझ्या आईनं चोरी केली का?"

मी "नंतर बोलू" म्हणालो. त्याची लाज मला आजही वाटते, कारण माझा स्वतःचा पहिला इंग्रजी-मराठी शब्दकोश माझ्या आईने एका बंगल्याबाहेरच्या कचराकुंडीतून आणला होता. शेवटची काही पाने नव्हती. त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घालून मी तो कॉलेजात नेत असे आणि कोणी विचारले तर 'जुन्या बाजारातून घेतला' असे सांगत असे. आईच्या हातून दुसरे शील मोडले की नाही, याचा विचार पुढे करू. माझ्याकडून चौथे शील मोडले, हे मात्र नक्की.

1. शब्दाचा अर्थ

'अदिन्नादान' या पाली शब्दात दोन भाग आहेत. 'अदिन्न' म्हणजे न दिलेले आणि 'आदान' म्हणजे घेणे. जे दिलेले नाही ते घेणे, असा हा अर्थ चोरीपेक्षा रुंद आहे. येथे शंका येते. रस्त्याच्या कडेला टाकलेले दप्तर कोणी त्या बाईच्या हाती दिले नव्हते. मग ते अदिन्न ठरते काय?

अट्ठकथांमध्ये हे शील मोडण्याची पाच अंगे सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असावी लागते, ती तशी आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असावे लागते, त्याच्या चित्तात चोरी असावी लागते, त्याने तसा प्रयत्न केलेला असावा लागतो आणि त्या प्रयत्नाने वस्तू जागची हललेली असावी लागते. मालकाने मालकी सोडली असेल तर पहिले अंगच उरत नाही. तेव्हा खरा प्रश्न, 'वस्तू कुठे पडली होती?' हा नसून 'तिच्यावर कोणाचा हक्क उरला होता काय?' हा आहे.

2. विनयातील दाखले

कुंभाराचा मुलगा असलेल्या धनिय नावाच्या भिक्खूने कुटी बांधण्यासाठी राजा बिंबिसाराच्या साठ्यातील लाकडे नेली. राजाने ती दिली आहेत असे त्याने राखणदाराला सांगितले. राजाने जाब विचारला तेव्हा तो म्हणाला की राज्याभिषेकाच्या वेळी आपणच श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड, पाणी दिल्याचे जाहीर केले होते. राजा म्हणाला की ते बोलणे रानातल्या, कोणाच्या ताब्यात नसलेल्या लाकडाविषयी होते. चोरीविषयीचा भिक्खूंचा नियम या प्रसंगातून झाला. रानातले लाकूड आणि साठ्यातले लाकूड दिसायला सारखेच असते. फरक मालकीचा असतो, आणि तो धनियाला कळत होता.

दुसरा दाखला वाऱ्याचा आहे. वावटळीने एक वस्त्र उडाले. मालकांना परत द्यावे म्हणून एका भिक्खूने ते उचलले, तरी मालकांनी त्याला चोर म्हटले. भगवंतांनी त्याला निर्दोष ठरविले. तसेच उडालेले वस्त्र दुसऱ्या एकाने मालकांनी पाहण्याआधी लांबवावे म्हणून उचलले. तो दोषी ठरला. कृती एकच, चित्त मात्र वेगळे. हा दाखला आपल्याला रोजच्या उपयोगाचा आहे. वस्तू उचलताना 'कोणी पाहील' अशी धास्ती वाटत असेल, तर ती का वाटते हे स्वतःला विचारावे.

तिसरा दाखला चीवराचा. संघाच्या आरंभीच्या काळात भिक्खू पांसुकूल, म्हणजे धुळीत टाकलेल्या चिंध्यांचे चीवर वापरीत. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची मोकळीक मिळाली. बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात पांसुकुलाचे प्रकार दिले आहेत. त्यांत स्मशानातले आणि बाजारात पडलेले वस्त्र आहे, रस्त्यावर टाकलेले आहे, तसेच उकिरड्यावरचेही आहे. टाकून दिलेले आहे असे समजून जो घेतो त्याला चोरीचा दोष लागत नाही, असे विनयात स्पष्ट आहे. स्वतः तथागतांच्या अंगावर पांसुकूल चीवर होते आणि महाकस्सपांनी आपले मऊ वस्त्र त्यांना देऊन ते झिजलेले चीवर स्वतः घेतले. उकिरड्यावरून उचलणे हीच चोरी असती, तर हे कसे घडले असते?

3. कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 303 प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे हलविणे म्हणजे चोरी. जी कोणाच्याच ताब्यात नाही तिची चोरी होत नाही. परंतु हरवलेली वस्तू आणि टाकलेली वस्तू एक नव्हे. कचऱ्यात सोन्याची अंगठी सापडली तर ती कोणी जाणूनबुजून टाकलेली नसते. मालक शोधण्याचा योग्य प्रयत्न न करता ती ठेवून घेणे कलम 314 खाली गुन्हा ठरू शकते.

परदेशातही हा प्रश्न उठला आहे. जर्मनीत बव्हेरियामध्ये दोन विद्यार्थिनींनी एका दुकानाच्या कुलूपबंद पेटीतून टाकाऊ अन्न घेतले. त्यांना दोषी धरण्यात आले आणि 2020 साली तेथील घटनात्मक न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. अन्न फेकले जात असताना ही शिक्षा बरोबर की चूक, यावर दुमत होऊ शकते. पण कुलूप हे मालकी न सोडल्याचे चिन्ह आहे, एवढे आपण ध्यानात घेऊ.

4. मग बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले?

येथे आपले वडीलधारे विचारतील की मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्यापाक्या भाकरीची मागणी सोडायला सांगितले, मग टाकलेल्या वस्तूची तरफदारी कशाला? ही शंका रास्त आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे ल्यावीत, फुटक्या भांड्यांत खावे, असा नियम आहे. महाकस्सपांनी तशीच चिंधी पांघरली, पण स्वतःच्या मर्जीने. देवदत्ताने सर्व भिक्खूंनी जन्मभर पांसुकूलच वापरावे अशी मागणी केली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली आणि ज्याची इच्छा असेल त्याने वापरावे, असे सांगितले. बाबासाहेबांनी नाकारली ती हीच सक्ती. जन्मावरून ठरलेले काम आणि त्याबद्दल मजुरीऐवजी उष्टे, शिळे, मेलेले. कातडे, शिंगे सोडल्याने तुमचे नुकसान होते, असे त्यांना सांगणारे होते. नागपूरला 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात त्याची आठवण देऊन, अशा मिळकतीपेक्षा स्वाभिमान मोठा, हे त्यांनी पटवून दिले.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. ती चोरी आहे काय? नाही. त्यात मान आहे काय? ते काम कोणाच्या माथी मारलेले आहे, त्याला दाम मिळतो काय, यावर ते ठरते. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत दलित समाजातील स्त्रिया बहुसंख्य. चोरीच्या संशयाने हटकल्या जाणाऱ्या या भगिनींनी 'आमचे हे काम आहे' असे म्हणून ओळखपत्रे मिळविली. पुढे 2008 साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार केला आणि दारोदारचा कचरा त्यांच्या हाती दिला जाऊ लागला. जे उचलले जात होते ते रीतसर 'दिन्न' झाले.

5. आचरणासाठी

उघड्यावर टाकलेले घ्यावे. कुलूप, कुंपण वा फाटक यांच्या आतले विचारल्यावाचून घेऊ नये. मौल्यवान वस्तू वा कोणाची कागदपत्रे सापडली तर परत करावीत. कोणी वेचून, निवडून पोत्यात बांधलेले भंगार हा कचरा नव्हे. तो तिचा घाम आहे. त्याला हात लावणे हीच खरी चोरी. वेचल्यावर उरलेले पसरून ठेवू नये.

आणि आपल्यापैकी ज्यांना नोकऱ्या लागल्या, त्यांनी ओला-सुका वेगळा द्यावा, काच आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून द्यावेत. वापरण्याजोगे दप्तर द्यायचे असेल तर कचऱ्यात न टाकता हातात द्यावे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई शाळेत आली. तिने हात जोडले, तेव्हा मी "बसा ताई" म्हणालो. ती बसली नाही. "सर, फाटकाच्या भाईर व्हतं. आत मी हात घालत न्हाई. वॉचमनला इचारून उचललं." मी पुस्तके चाळून जे शोधत होतो, ते ती रोज पहाटे पाळत होती.

त्या दिवशी मी माझा शब्दकोश कव्हर काढून वर्गात नेला आणि तो कुठून आला ते मुलांना सांगितले. वर्ग गप्प होता. ज्याने 'चोर' म्हटले होते तो उठला, टेबलावरचे दप्तर उचलून त्याने त्या मुलाच्या बाकावर ठेवले आणि जागेवर जाऊन बसला. मी त्याला काही म्हणायला सांगितले नाही.

रविवारच्या अभ्यासवर्गासाठी प्रश्न

1. टाकलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांतील फरक उदाहरणे देऊन सांगा.
2. भगवंतांनी देवदत्ताची मागणी का नाकारली असावी?
3. आपल्या घरचा कचरा कोण नेते? त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?